दिल्लीच्या गोल घरात आमची एकच खुर्ची, तीही नेमलेली

दिल्लीतलं ते गोल घर १८ जानेवारी १९२७ ला उघडलं. व्हाइसरॉय आयर्विननं उघडलं. २०२७ च्या जानेवारीत त्याची शंभरी. शंभरी म्हटली की हारतुरे आले, स्मरणिका आल्या, शाळेतल्या पोरांना 'लोकशाहीचे मंदिर' म्हणून निबंध आला. ठीक आहे. मंदिर म्हणताच ना? मग मंदिराबद्दल आमच्या आज्यापणज्याला जो प्रश्न पडायचा तोच आम्ही विचारणार. आत कोण होतं? आणि पायरीच्या खाली कोण उभं होतं?

दोस्तहो, या देशात एक नवीन धंदा निघालाय. इंग्रजांच्या काळातल्या कौन्सिलात बसलेल्या प्रत्येक पगडीवाल्याला 'थोर संसदपटू' करून टाकायचं. कोणी अर्थसंकल्पावर भाषण ठोकलं, थोर. कोणी व्हाइसरॉयला 'माय लॉर्ड' म्हणत म्हणत टोमणा मारला, थोर. त्यांचे फोटो भिंतीवर. आम्हाला त्यांच्या इंग्रजीशी भांडण नाही. इंग्रजी चांगलंच होतं साल्यांचं. आमचा सवाल एवढाच की ते कोणाच्या वतीनं बोलत होते, आणि त्यांना कोणी पाठवलं होतं.

आपल्या झाडीपट्टीपासूनच हिशेब मांडू. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं (जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला), भंडारा नागपूर विभागात, आणि नागपूर विभाग मध्य प्रांतात. गावाचा मालक मालगुजार. जमीन त्याची, तलाव त्याचा, तलावातली मासोळी त्याची, आणि कोतवाल महार. कोतवाल म्हणजे काय ते म्हाताऱ्यांना विचारा. रात्री पहारा द्यायचा, जन्ममरणाची वर्दी ठाण्यात पोचवायची, साहेब दौऱ्यावर आला की गवत-लाकूड गोळा करायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि वर्षाला खळ्यावर जाऊन 'द्या जी मालक' म्हणत पायलीभर धान मागायचं. सरकारी यंत्रणेचं सगळ्यात खालचं चाक आमच्या पाठीवर फिरत होतं. म्हणजे राज्य चालवण्यात आम्ही नव्हतो असं कोणी म्हणू नये. होतो की! सगळ्यात खाली होतो.

आणि वर? वर व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मध्य प्रांताचा माणूस म्हणून नागपूरचे सर गंगाधरराव चिटणवीस. भोसल्यांच्या दरबारातल्या चिटणीसांचं घराणं, जमीनदार. नंतर सर माणेकजी दादाभॉय. मुंबईचे पारशी वकील, नागपुरात आले आणि कोळशाच्या खाणी, कापसाचे कारखाने यांचे मालक झाले. पुढं हेच माणेकजी १९३३ पासून १९४६ पर्यंत कौन्सिल ऑफ स्टेटचे अध्यक्ष होते. वरच्या सभागृहाचा मुख्य माणूस आपल्या नागपूरचा, आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नाही. माहीत करून काय करायचं म्हणा.

पण एक गोष्ट माहीत पाहिजे. १९१६ साली याच माणेकजींनी त्या कौन्सिलात ठराव मांडला, की अस्पृश्य वर्गाची नैतिक, भौतिक आणि शैक्षणिक स्थिती सुधारण्यासाठी सरकारनं काही उपाय शोधावेत. 'नैतिक' हा शब्द बघून ठेवा. पाणी तोडणाऱ्याची नीती ठीक होती, तहानलेल्याची सुधारायची होती! तरीसुद्धा ठराव मांडणारा पारशी निघाला, खाणमालक निघाला, हे लिहून ठेवलंच पाहिजे. राष्ट्राच्या नावानं रोज छाती पिटणाऱ्यांच्या आधी त्याला हे सुचलं. ठरावानंतर प्रांतांना पत्रं गेली, प्रांतांकडून अहवाल मागवले गेले. आमच्या दुःखाचा सरकारी कागद जन्माला आला. चर्चा झाली तेव्हा त्या सभागृहात आमचा एक माणूस नव्हता. रोग्याला दाराबाहेर ठेवून आत वैद्यांची सभा!

मग १९१९ चा कायदा आला. माँटेग्यू आणि चेम्सफर्ड. मोठ्या सुधारणा म्हणून पोरांना पाठ करायला लावतात. आकडे बघा. मध्यवर्ती विधिमंडळाचं खालचं घर, सेंट्रल लेजिस्लेटिव्ह असेंब्ली, १४५ सभासदांचं. १०४ निवडून आलेले, ४१ नेमलेले, त्या ४१ पैकी २६ सरकारी अधिकारी. १९२० च्या निवडणुकीत या घराला मत द्यायचा हक्क होता सुमारे ९ लाख लोकांना. ब्रिटिश हिंदुस्थानची वस्ती २४ कोटींच्या वर, आणि मतदार ९ लाख. वरच्या घराला, कौन्सिल ऑफ स्टेटला, मतदार १७ हजारांच्या आसपास. आजच्या एका बऱ्या ग्रामपंचायत गटात एवढे मतदार निघतील, आणि त्यांनी अख्ख्या देशाचं वरचं सभागृह निवडलं.

हे मतदार कोण? ज्याच्या नावावर मालगुजारी आहे तो. जो ठरावीक शेतसारा भरतो तो. जो इन्कमटॅक्स भरतो तो. ज्याचं घर मोठ्या भाड्याचं आहे तो. म्हणजे मत माणसाला नव्हतंच, मत जमिनीला होतं, पावतीला होतं, घराच्या कवेलूला होतं. कायद्यात कुठं लिहिलेलं नव्हतं की महाराला मत नाही, मांगाला नाही, गोंडाला नाही. लिहायची गरजच काय? ज्याला हजार वर्षं जमीन धरू दिली नाही त्याला म्हणायचं, जमीन दाखव आणि मत घे. मनू असता तर त्यानं या कायद्याच्या कारकुनाला बढती दिली असती.

गमतीची गोष्ट म्हणजे वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं. म्हणून वऱ्हाडातून निवडून आलेल्या माणसाला सरकार परत 'नेमायचं', मग तो असेंब्लीत बसायचा. म्हणजे नियमाला वाकवायची कला इंग्रजाला येत होती. परक्या राजाच्या मुलखातल्या सावकाराला जागा द्यायची असली की वाट निघते. आमच्यासाठी निघाली नाही.

नागपूर विभागाच्या जागेवरून, म्हणजे भंडारा-गोंदिया धरून सगळ्यांच्या वतीनं, १९२३ ला बॅरिस्टर मोरेश्वर वासुदेव अभ्यंकर गेले. १९२६ ला डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे गेले. १९३४ ला परत अभ्यंकर. ते १९३५ च्या जानेवारीत वारले आणि डॉ. नारायण भास्कर खरे गेले. एक बॅरिस्टर, दोन डॉक्टर. तिघंही ब्राह्मण. यांच्यातले कोणी टिळकवाले, कोणी हिंदू महासभेचे, कोणी गांधीवाले, एकमेकांच्या उरावर बसणारे. पण दिल्लीची गाडी पकडताना डबा एकच. झाडीतला धान कापणारा, तेंदूपत्ता तोडणारा, मँगनीजच्या खदानीत टोपली उचलणारा, मालगुजाराच्या तलावावर बेगारीनं माती टाकणारा, या सगळ्यांचा 'प्रतिनिधी' तोच, ज्याला यांच्यातल्या जवळपास कोणीच मत दिलेलं नव्हतं.

आणि आमचा?

१९२१ ते १९२६, शून्य. मजुरांच्या नावानं ना. म. जोशींना नेमलं, अस्पृश्यांच्या नावानं कोणीच नाही. १९२७ साली, गोल घर उघडलं त्याच साली, एक खुर्ची मिळाली. मद्रासचे रावबहादूर एम. सी. राजा. निवडलेले नव्हे, नेमलेले. कोट्यवधी अस्पृश्यांचा एक माणूस, १४५ च्या घरात. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या समद्या महार, चांभार, मांग, भंगी, माला, परैया, नमःशूद्रांचा आवाज एका घशातून काढायचा. आणि तो घसा सरकारनं निवडायचा.

नेमलेल्या माणसाची तऱ्हा न्यारी असते. त्याला ऐकणारा मतदार नसतो, त्याला पाडणाराही मतदार नसतो. त्याची मुदत संपली की त्यानं बघायचं कोणाच्या तोंडाकडं? साहेबाच्या. आम्ही इथं राजासाहेबांना शिव्या घालायला बसलेलो नाही. त्या काळात तेवढं शिकून तेवढ्या वर जाणं खायचं काम नव्हतं. आपल्या गोंदियाचे कालीचरण नंदागवळीसुद्धा नागपूरच्या प्रांतिक कौन्सिलात नेमलेलेच होते. त्यांनी आणि त्यांच्या पिढीनं सभा भरवल्या, शिक्षणाचं बोलणं गावोगाव नेलं. त्या लोकांनी जे केलं ते उपाशी पोटी केलं. खुर्चीवर बसलेल्यापेक्षा खुर्चीचाच दोष जास्त. ज्या खुर्चीचे पाय दुसऱ्याच्या हातात, तिच्यावर बसलेला माणूस हालतो.

आणि तो हालला. १९३२ च्या सुरुवातीला. गोलमेज परिषदेत बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागून आलेले. राजासाहेब आधी त्याच बाजूचे. आणि अचानक त्यांनी करार केला. कोणाशी? आपल्या नागपूरच्या डॉ. मुंज्यांशी, हिंदू महासभेच्या मुंज्यांशी! राजा-मुंजे करार. राखीव जागा घ्या, पण मतदारसंघ संयुक्त. म्हणजे उमेदवार अस्पृश्य, पण त्याला निवडणार गावातला मालक. कोतवाल कोण असावा ते पाटलानं ठरवायचं, तसंच. अमरावतीचे गवई राजांच्या बाजूनं गेले. मध्य प्रांतातला महार समाज मधोमध फाटला. बैठकीत फाटला, पंगतीत फाटला, घराघरात फाटला.

पण कामठीनं उत्तर दिलं. मे १९३२ ला कामठीत अखिल भारतीय परिषद भरली आणि तिनं हा करार धुडकावून लावला. तिथं पुढं होते ते बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे, वय अठ्ठावीस. विडी कामगारांत उठणारा-बसणारा पोरगा. ज्यानं आपल्याला 'जयभीम' दिला असं आपण सांगतो तोच. १९३७ ला नागपूर-कामठीतून तो प्रांतिक असेंब्लीत निवडून आला. नेमून नाही, निवडून. आणि १२ जानेवारी १९३९ ला क्षयानं मेला. विडीच्या धुरळ्यात राहणाऱ्यांचा रोग त्यालाही झाला. त्याच्या फोटोला भिंत कुठाय?

आता सगळ्यात मोठी फसवणूक सांगतो. पुणे करार आपण सगळेच घोकतो. २४ सप्टेंबर १९३२. प्रांतांत १४८ राखीव जागा, त्यात मध्य प्रांताला २०. हे पाठ असतं. पण त्याच करारात आणखी एक कलम आहे, की मध्यवर्ती कायदेमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के अस्पृश्यांना राखीव. गांधींचे प्राण वाचवायला बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडला, त्याच्या मोबदल्यात जी नाणी मोजली गेली त्यातलं हे एक. १९३५ च्या कायद्यात ते उतरलंही. फेडरल असेंब्लीत १०५ सर्वसाधारण जागा, त्यात १९ राखीव. छान. टाळ्या.

मग त्या १९ जागांवर कोण कोण निवडून गेलं?

कोणीच नाही. कारण ते फेडरेशन कधी आलंच नाही. संस्थानिक तयार नव्हते, काँग्रेसला नको होतं, लीगला नको होतं, मग लढाई लागली. प्रांतांत नवीन कायदा लागू झाला, मंत्रिमंडळं आली, पण दिल्लीत १९१९ चंच जुनं घर चालत राहिलं, थेट १४ ऑगस्ट १९४७ पर्यंत. तेच १४५, तेच पावतीवाले मतदार, आणि आमची तीच नेमलेली खुर्ची. राजांच्या नंतर त्या खुर्चीवर मद्रासचेच एन. शिवराज बसले. ते फेडरेशनचे, आपले माणूस. पण खुर्ची तीच. पंधरा वर्षं ते १८ टक्के कागदावर पिवळे पडत राहिले. उपोषण खरं झालं, स्वतंत्र मतदारसंघ खरोखर गेला, आणि दिल्लीतला मोबदला आलाच नाही! उधारीवर बैल विकला, आणि गिऱ्हाईक म्हणतं पुढच्या बाजाराला देतो. याबद्दल पाठ्यपुस्तकात एक ओळ दाखवा.

त्याच असेंब्लीत मंदिर प्रवेशाचं नाटक झालं. १९३३ ला रंगा अय्यर यांनी बिल आणलं. एखादं देऊळ अस्पृश्यांना उघडायचं की नाही ते त्या भागातल्या मतदारांनी बहुमतानं ठरवायचं. मतदार कोण? परत तेच पावतीवाले. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३३ मध्येच सांगून टाकलं की या बिलाला मी पाठिंबा देऊ शकत नाही, हे बिल अस्पृश्यतेला पाप म्हणतच नाही. काँग्रेसवाले मात्र गाजावाजा करत होते. आणि १९३४ ची असेंब्लीची निवडणूक तोंडावर आली तशी हवा निघाली. सनातनी मतं जातील ना! ऑगस्ट १९३४ मध्ये रंगा अय्यरनी बिल मागं घेतलं, आणि घेताना काँग्रेसवाल्यांना भर सभागृहात सोलून काढलं. पुणे कराराची शाई वाळून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. ज्यांना मत नव्हतं त्यांच्यासाठी, ज्यांना मत होतं त्यांना दुखवायचं कशाला, हा साधा हिशेब. लोकशाहीचं मंदिर म्हणतात ते हेच.

आणि नागपूरचे खरे? असेंब्लीतून परतून ते १९३७ ला मध्य प्रांताचे मुख्यमंत्री झाले (तेव्हा 'प्रीमियर' म्हणत). १९३८ च्या जुलैत त्यांनी मंत्रिमंडळ बदललं आणि रा. ग. अग्निभोज या अस्पृश्य माणसाला मंत्री केलं. ते मंत्रिमंडळ एक-दोन दिवसांत कोसळलं. काँग्रेसच्या वरच्या लोकांनी खऱ्यांनाच बाहेर काढलं. बाबासाहेबांनी हे प्रकरण आपल्या पुस्तकात नोंदलंय. खरे काही आमचे कैवारी नव्हते, भांडण त्यांचं आपसातलं होतं. पण भांडणात पहिला बळी कोणाच्या खुर्चीचा गेला ते बघा.

मग १९४२ उजाडलं. जुलैत नागपुरात परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जन्मलं, आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. आता त्या गोल घरात ते सरकारी बाकावर. इथं कोणीतरी टाय लावलेला विचारवंत उठेल आणि म्हणेल, तुमचे बाबासाहेबही नेमलेलेच की! हो, नेमलेले. दुसरी वाट कोणती ठेवली होती तुम्ही? असेंब्लीचा मतदार पावतीवाला, राखीव जागा एक नाही. दार बंद करून ठेवायचं आणि खिडकीतून आलेल्याला चोर म्हणायचं!

फरक हा की या माणसानं खुर्चीवर बसून फाइल उघडली. १९४३ च्या ऑगस्टात केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८ १/३ टक्के जागा ठरल्या. रेल्वेत, पोस्टात आमची पहिली पिढी शिरायला लागली ती या दारानं, आणि गोंदियासारख्या रेल्वेच्या गावाला हे समजावून सांगायची गरज नाही. खाणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा सुधारला. १९४६ ला कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणला. जिथं सभागृहात पन्नास सावकार आणि गिरणीवाले समोर बसलेत तिथं हे केलं.

आणि एक अवघड पान आहे, ते आपणच वाचलं पाहिजे, दुसऱ्यानं तोंडावर फेकायच्या आधी. कोळशाच्या खाणीत बाईला जमिनीखाली उतरवायला १९३७ पासून पूर्ण बंदी होती. लढाईत कोळसा कमी पडला, मजूर दुसऱ्या कामांवर पळाले, आणि १९४३ ला सरकारनं ती बंदी उठवली. सुरुवात आपल्याच मध्य प्रांतापासून झाली. मजूर खातं बाबासाहेबांकडं. ८ फेब्रुवारी १९४४ ला असेंब्लीत त्यांच्यावर भडिमार झाला. त्यांनी उत्तर दिलं, लपवाछपवी केली नाही. ही लढाईपुरती तात्पुरती गोष्ट आहे, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल असं आम्ही बांधून घेतलंय, असं सांगितलं. बंदी १९४६ च्या फेब्रुवारीत परत लागू झाली. आम्हाला विचाराल तर बाईला त्या अंधारात उतरवायला नको होतं. पण समान कामाला समान मजुरी हे त्या सरकारकडून कागदावर बांधून घेणारा माणूस एकच होता, आणि त्या दिवशी बायकांच्या नावानं गळा काढणाऱ्या कितीजणांच्या शेतात बाईला पुरुषाएवढी मजुरी मिळत होती, तेही मोजा.

४८ तासांचा तो कायदा आमच्या विडीवालीपर्यंत मात्र पोचला नाही. कारखान्याचा कायदा मुख्यतः यंत्रावर चालणाऱ्या कारखान्याचा. विडीला कुठलं यंत्र? सूप मांडीवर, कातर हातात, पान कापायचं, जर्दा भरायचा, धाग्यानं बांधायचं. मध्य प्रांतानं १९३७ ला विनायंत्राच्या कारखान्यांचा एक वेगळा कायदा केला होता, त्यात विडी होती. मालकांनी काय केलं? कायद्याच्या टप्प्यात येणारा कारखाना मोडायचा, सट्टेदार मधी घालायचा, पान-जर्दा घरोघर वाटायचा. घरात बसलेली बाई कामगारच नाही. तिच्या हजार विड्यांतली 'छाट' सट्टेदार बाजूला काढणार, तिची मजुरी नाही, आणि छाट विडी परत पण देणार नाही. देशाचा विडी कामगार कायदा झाला १९६६ ला. गोल घर उघडल्यावर एकोणचाळीस वर्षांनी.

विडीचं नाव निघालंच आहे तर १९५२ कडं या. इंग्रज गेलेला, संविधान आलेलं, एक माणूस एक मत. भंडारा लोकसभा मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले, विडी कारखानदार फर्म मूलजी सिक्का कंपनीचे भागीदार. राखीव जागेसाठी एका महार उमेदवारानं अर्ज भरला होता, तो नाकारला गेला. कारण? हा महानुभाव पंथात गेलाय, आता हा महार राहिला नाही! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १५ फेब्रुवारी १९५४ ला निकाल लागला. कोर्ट म्हणालं, जसानींच्या फर्मचा केंद्र सरकारशी सैनिकांना विड्या पुरवायचा करार होता, म्हणून ते अपात्र. आणि तो महार उमेदवार पंथ बदलला तरी महारच आहे, त्याचा अर्ज नाकारणं चूक. निवडणूक रद्द.

हे प्रकरण वकिलीच्या पुस्तकात आजही शिकवतात. आम्ही दुसऱ्या अंगानं वाचतो. १९२० ला दारावरचा माणूस विचारायचा, सारा किती भरतोस? १९२७ ला विचारलं, तुला कोणी नेमलं? आणि १९५२ ला, स्वतंत्र भारतात, विचारतो, तू खरंच महार आहेस का? जन्मभर ज्याला 'तू महार आहेस, लांब हो' म्हणून हाकललं, त्यालाच खुर्चीजवळ गेला की 'तू महार नाहीस, लांब हो'. बाहेर काढायला दोन्ही कारणं चालतात!

त्या रद्द झालेल्या निवडणुकीमुळंच १९५४ च्या मेमध्ये भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली, आणि तिथं खुद्द बाबासाहेब उभे राहिले. दुखणाईत शरीरानं गावोगाव फिरले. दोन मतांपैकी दुसरं मत जाळून टाका, सवर्ण उमेदवाराला देऊ नका, तुमची जागा पक्की होईल, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला होता असं जुने लोक सांगतात, आणि बाबासाहेबांनी तो झिडकारला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे बोरकर. संविधान लिहिणारा माणूस आपल्या भंडारा-गोंदियात पडला. जागा राखीव होती, उमेदवार महार होता, आणि निवडणारा होता संयुक्त मतदारसंघ. बावीस वर्षं आधी कामठीच्या मांडवात हेच सांगितलं होतं पोरांनी.

आणि विनोद इथं संपला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी धम्म घेतला. १९६२ ला नागपूरच्या राखीव जागेवरून डी. पी. मेश्राम विधानसभेत निवडून आले. १९६४ ला सुप्रीम कोर्टानं त्यांची निवड रद्द केली. का? ते बौद्ध झालेत. महानुभाव झाला तर महार राहतो, बौद्ध झाला तर राहत नाही! कायदा तेव्हा म्हणायचा अनुसूचित जात व्हायला हिंदू किंवा शीख पाहिजे. म्हणजे दारावरचा चौथा प्रश्न, तू अजून हिंदू आहेस ना? १९९० पर्यंत हाच प्रश्न राहिला. चौतीस वर्षं बौद्धानं राखीव खुर्चीवर बसायचं तर कागदावर परत हिंदू महार व्हायचं. कितीजणांनी तसं केलं ते घरोघर माहीत आहे. त्यांना आम्ही दोष देत नाही. कागदावर खोटं बोलायला लावणाऱ्या दाराला देतो.

२८ मे २०२३ ला नवीन संसद भवन उघडलं. गोल घराचं नाव आता 'संविधान सदन'. २०२० च्या जानेवारीत लोकसभेतल्या अँग्लो-इंडियनांच्या दोन नेमलेल्या जागा गेल्या, म्हणजे खालच्या घरात नेमणूक कायद्यानं संपली. कायद्यानं. पण राखीव जागेचं तिकीट कोण देतो? पक्षाचा मालक देतो. जो आपल्या लोकांत बोलतो त्याला देत नाही, जो मान हलवतो त्याला देतो. गावात एखाद्या बाईवर अत्याचार झाला की हा राखीव खासदार तीन दिवस फोन घेत नाही, चौथ्या दिवशी 'कायदा आपले काम करेल' म्हणतो. तो राजा-मुंजे कराराचा नातू आहे, त्याला कोणी सांगत नाही एवढंच. राखीव जागांची मुदत सध्या २०३० च्या जानेवारीपर्यंत आहे. ती वाढवताना भाषणं होतील. संयुक्त मतदारसंघावर एक शब्द निघतो का ते कान देऊन ऐका.

आणि तोपर्यंत एक काम. बाबासाहेबांची त्या असेंब्लीतली १९४२ ते १९४६ ची भाषणं आणि उत्तरं महाराष्ट्र सरकारनं काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी दहाव्या खंडात आहेत. जाडजूड पुस्तक आहे, जयंतीला हार घालायला कपाटातून काढतात आणि परत ठेवतात. कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींनी तो खंड विहारात आणायचा. रविवारी दोन पानं मोठ्यानं वाचायची आणि तिथल्या तिथं आपल्या बोलीत सांगायची, विडी वळणाऱ्या बायकांना, धान रोवणाऱ्यांना, रेल्वेतून रिटायर झालेल्यांना. सुरुवात ८ फेब्रुवारी १९४४ पासून करा. म्हाताऱ्या बायका मधीच थांबवून विचारतील, 'मंग मजुरी किती ठरवली जी?' तिथं थांबायचं, आणि त्यांचा हिशेब आधी ऐकून घ्यायचा.